वास येणारं सगळं

रेंजरबाईंनी कागद हातात दिला:
वास येणारं सगळं लोखंडी पेटीत.
रात्री गाडीतसुद्धा काही ठेवायचं नाही,
अस्वलाला काच म्हणजे पापड.

मी काढत गेले, एकेक.
दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी,
टूथपेस्ट, सावनीचा लिप बाम,
आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेली हिंगाची डबी.
फ्रीमाँटच्या घरातही तिला असंच कोंडतो आम्ही,
भिंतीपलीकडे शेजारी आहेत म्हणून.

पेटी लावायला हेरंबला
खोबणीत बोटं घालून कडी दाबावी लागली.
माणसाचा हात जातो, पंजा जात नाही.
"डोकं लावलंय कुणीतरी," तो म्हणाला,
त्याच आवाजात, ज्यात तो
कुणाच्याही चांगल्या कामाला दाद द्यायचा
एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंत.

साठातले एकोणीस.

ही जागा जानेवारीत मिळाली होती,
सकाळी सातला, तीन फोन आणि एक लॅपटॉप उघडून,
मुहूर्त गाठावा तशी.
तेव्हा त्याच्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं.
आता रद्द करून फारसं काही परत मिळणार नव्हतं,
म्हणून आलो.
मुलांना असं सांगितलं नाही.
मुलांना काहीच सांगितलं नाही.

शिंगलटाऊनच्या पेट्रोलपंपावर
त्यानं शेवटचं ईमेल पाहिलं,
मग चढावर फोनच्या रेघा एकेक करून गळाल्या.
मला बरं वाटलं. त्याला काय वाटलं
ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गंधकाची दरी.
जमीन रटरटत होती पिठल्यासारखी,
आणि कडेला जुलैतलं मळकं बर्फ.
"शी, सडकी अंडी!" ओजस नाक दाबून नाचला.
सावनी म्हणाली, "आई, या डोंगराला
कुठल्या पेटीत ठेवायचं?"
आणि हसली नाही.
माझ्याकडे पाहिलं तिनं, मग बाबाकडे.
पंधरा वर्षांची आहे, हल्ली आमच्या चार पावलं पुढे चालते.
पण परतताना लाकडी फळ्यांवर
तिनं हेरंबच्या शर्टाची बाही धरली,
लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी.

म्हणजे तिला माहीत आहे.
केव्हापासून, कोण जाणे.
घर लहान, भिंती पातळ,
हिंगच तेवढा पलीकडे जातो असं नाही.

संध्याकाळी तळ्याकाठी ओजसची शपथ.
पुस्तिका भरली होती त्यानं पेन्सिल चावत:
सुतारपक्षी, ज्वालामुखीचे चार प्रकार,
कचरा कुठे टाकाल.
रेंजरबाईंनी टोपी सरळ केली.
त्यानं उजवा हात वर केला, मग डावा, मग पुन्हा उजवा.
"मी या उद्यानाचं रक्षण करीन,
आज, आणि पुढेही, जिथे जाईन तिथे."
घडीच्या खुर्च्यांतल्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.
हेरंबनंही. जरा उशिरा.
जिथे जाईन तिथे, मी मनात म्हणून पाहिलं.
इंग्रजीत ते इतकं सोपं वाटलं होतं.

रात्री तंबूत ओजस कुशीवर वळला.
"आई, बिल्ला पेटीत ठेवायचा का?"
लाकडाचा तर आहे रे, त्याला कसला वास.
"हुंगून बघ."
हुंगला.
घाम, आंबावडी, तळ्याचं पाणी,
आणि कुठेतरी तळाशी ती दरी.
संध्याकाळपासून मुठीत होता.

टॉर्च घेऊन गेले.
हेरंब आधीच तिथे, अंधारात,
खोबणीत बोटं घालून उभा.
उघडत नव्हता, लावतही नव्हता.
काय राहिलं? मी विचारलं.
"हिंगाची डबी नीट लागली नव्हती," तो म्हणाला.
"सगळ्याला लागलाय वास.
दशम्यांना, साबणाला. हे बघ,
माझ्या हातालासुद्धा."
मी हात घेतला आणि
बराच वेळ नाकाशी धरून ठेवला.
वर पाईनमध्ये काहीतरी हललं.
बिल्ला माझ्याच खिशात राहिला.