लेखाशीर्ष

अर्ज एकोणीस पानांचा.
लिएँडर बूद्रोनं तो उघडलाच नाही,
अंगठ्यानं कड दाबून जाडी पाहिली
आणि म्हणाला, एफी, एवढ्या वेळात
माझी एक होडी पाण्यात उतरते.

मी पालिकेची कारकून. सतरा वर्षं
कुत्र्यांचे परवाने, बर्फ उचलायची बिलं,
दफनभूमीचा नकाशा.
अनुदान शोधणं माझ्या कामात कुठंच लिहिलेलं नाही.
पण खेकड्यांचा कारखाना बंद झाला,
ओदेत कोमो खिडकीशी आली,
हातांना अजून कारखान्याच्या मिठाचा वास,
आणि तिनं विचारलं, लिएँडरकडे शिकायचं असेल
तर तोवर पोटाला कोण देईल?

हा प्रश्न
एकोणीस पानांत कुठंही नाही.

रकाना चार : अभ्यासक्रमाची रूपरेषा.
वही घेऊन मी त्याच्या शेडमध्ये गेले.
लिही, म्हणाला तो,
ओकची फळी वाफेच्या पेटीत,
इंचाला एक तास.
बाहेर काढलीस की तुझ्या हातात एक मिनिट.
तेवढ्यात वळली तर वळली.
नाहीतर?
नाहीतर शेगडीत घाल.
मी लिहिलं : प्रात्यक्षिकावर भर.

रकाना सात : मोजता येतील असे परिणाम.
इथं घोडं अडलं. आठवडाभर अडलं.
त्रेपन्न वर्षांत किती जणांना शिकवलंस?
तो बोटांवर मोजू लागला, डाव्या हाताची तीनच,
आणि एकेका नावापाशी थांबू लागला.
हा अल्बर्टाला गेला. हा बुडाला.
ह्याला द्यायला पैसे नव्हते,
मीच परत पाठवला.
त्या शेवटच्याला कुठल्या रकान्यात बसवू?

हॅलिफॅक्सहून उत्तर आलं जूनमध्ये,
फार सभ्य भाषेत.
निम्मा वाटा गावानं उचलावा,
शिवाय शिकाऊ उमेदवार किमान सहा.
आमच्या गावात विशीतली मुलंच चार,
त्यातला एक पाद्री व्हायला निघालाय.

त्या रात्री मी अंदाजपत्रक घेऊन बसले,
जुन्या कोटाचे खिसे चाचपावेत
तशी एकेक लेखाशीर्ष चाचपत.
दिवाबत्ती. गटारं. ध्वजस्तंभ,
ह्याला कशाला एवढे?
आणि पान एकतीसवर
धक्का, देखभाल व दुरुस्ती, प्रांतिक निधी,
तीन वर्षं अखर्चित.
कारण दुरुस्ती येणारं माणूसच उरलं नव्हतं,
एक सोडून.

'मजुरी' ह्या शब्दात कोण कोण मावतं
ते नियमांत नव्हतं. तीनदा वाचलं.
मग फोन लावला. एका कंटाळलेल्या बाईनं उचलला.
मजूर काम करताना काही शिकतो का,
हे आम्ही विचारत नाही, म्हणाली.
मी म्हटलं, एवढंच लेखी द्याल?
तिकडे जरा वेळ नुसती खरखर.
मग तिनं दिलं.
तिचं नाव मी कुणाला सांगत नाही.

आता ओहोटी लागली की
ओदेत धक्क्याखाली उतरते, मांडीपर्यंत चिखलात,
कुजलेला खांब कुठपर्यंत कुजलाय
ते हातोडीच्या आवाजावरून ओळखायला शिकते.
लिएँडर वरून ओरडतो, फ्रेंचमध्ये,
आणि माझ्यापाशी येऊन कुरकुरतो,
होडी शिकवायची होती, धक्का शिकवतोय.
पण पाचनंतर शेडमध्ये दिवा असतो.
पेटीतून वाफ निघताना रस्त्यावरून दिसते.
ते तास मी कुठंच मांडलेले नाहीत.

निधी मार्चपर्यंत.
एप्रिलचे खिसे अजून चाचपते आहे.

दर शुक्रवारी तो हजेरीपत्रक आणतो,
सही पेन्सिलीची.
शाईत हवी, मी सांगते, दर शुक्रवारी.
लाकडावर कोण शाईनं खूण करतं, म्हणतो,
आणि माझं पेन घेऊन
त्याच रेषेवरून पुन्हा जातो,
सावकाश, जीभ दातांत धरून,
कुठंही बाहेर न जाता.