दुसऱ्या अंकातलं प्रेत

दुसऱ्या अंकात मी मेलेला असतो.
बावीस मिनिटं.
पांढरी चादर, नाकात कापूस
आणि पाठीखाली फळीतला एक खिळा
जो तालमीत कधीच नव्हता.

डोळे मिटले की अख्खं सभागृह कानात येऊन बसतं.
तिसऱ्या रांगेत शेवेची पुडी,
कुणाच्या तरी बाळाचं घुंगरू,
वर कुरकुरणारा पंखा,
आणि चारशे माणसांचा श्वास.
त्यात माझा तेवढा चोरून घेतलेला.

छाती हलू द्यायची नाही.
वीज मंडळाच्या खिडकीत एकतीस वर्षं
लोकांच्या शिव्या खाल्ल्या,
तेही इतकं अवघड नव्हतं.

पागनीसबाई माझ्या पायाशी रडतात.
तालमीत त्या रडता रडता घड्याळ बघायच्या.
आज तळपायावर थेंब पडला, गरम,
आणि संहितेत नसलेलं एक नाव
त्या पुटपुटल्या.
माझं नव्हे. नाटकातल्या नवऱ्याचंही नव्हे.

शेवेची पुडी थांबली.
पायाचा अंगठा मी मनातल्या मनात
घट्ट धरून ठेवला.
इतका कुणाच्या कामी
जिवंतपणी कधी आलो नव्हतो.

रात्री सराफ्यात, कानामागचा रंग तसाच,
भुट्ट्याच्या किसावर लिंबू पिळत होतो.
एक जण निरखून म्हणाला,
"भिया, तुम्हीच ना ते प्रेत?
एकदम जिवंत काम केलंत!"

पागनीसबाई द्रोणात बघत होत्या.
"अंगठा जरा हलला हो तुमचा."

"डास होता," मी म्हणालो.