एकास पस्तीस

दवाखाना देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या बाजूला.
साडेसातनंतर पेशंट नसले की
मी ट्रे पुसते आणि त्याच ट्रेवर रणगाडा ठेवते.
दाढेत सिमेंट भरायच्या कोरणीने
पट्ट्याच्या एकेका कडीतला जास्तीचा रंग खरवडते.
हात थरथरत नाही माझा. तेवढं एक देणं आहे.

पुस्तकात लिहिलंय : खाली हिरवा, वर मातकट पट्टे,
पट्ट्यांच्या कडा मऊ, फवाऱ्याने मारलेल्या.
तीन महिने मी कडा मऊ केल्या.
हिरव्यात चार थेंब काळा, मग दोन, मग परत चार.
लहान वस्तूवर रंग गडद दिसतो,
म्हणून किंचित पांढरा.
हे पुस्तकात नव्हतं, माझं मी शिकले.

शिवराम पाळदे, वय अठ्ठ्याहत्तर, खालची कवळी सैल.
खुर्चीत आ वासून पडल्या पडल्या
त्यांची नजर दिव्यावरून फडताळावर गेली.
तोंडात कापूस, तरी म्हणाले,
"फवारा कुणाकडं होता?"

मी कापूस काढला.

"रंगाचे डबे आलेच नव्हते. साहेब म्हणाले, दिवस मावळायच्या आत झाका.
पाटाकडचा चिखल, चार बादल्या, केरसुण्या.
केरसुणी झिजली की हात.
कडा कसल्या मऊ! बोटं दिसायची, बोटं.
वाळला की पोपडे पडायचे, पुन्हा लिंपायचा.
माझ्या हाताखालचं पोर हसायचं,
म्हणे, सारवायला भरती झालो का आपण?"

रंग कोणता होता पण?

"उभा होता तिथला."

मग मी रविवारी माती गोळा करत हिंडले.
दारणेचा गाळ, निफाडची काळी,
त्र्यंबक रस्त्याची तांबडी, पांडवलेण्यांच्या पायथ्याचा मुरूम.
वस्त्रगाळ करून, मापं घ्यायच्या वाट्यांत भरून, नावं चिकटवून ठेवली.
कवळीच्या दुसऱ्या खेपेला त्यांच्यापुढे मांडली.
प्रत्येकीतली चिमूट त्यांनी चोळून पाहिली,
एक तर हुंगलीसुद्धा.
"ह्या सगळ्या आपल्या," म्हणाले.
"ती दुसऱ्याची होती."

शेवटी दारणेचा गाळच घेतला, त्यातल्या त्यात.
पाण्यात कालवून, फाटक्या ब्रशने, ओबडधोबड.
माझ्या तीन महिन्यांच्या मऊ कडा
अर्ध्या तासात गेल्या.
गाळ ओला होता तोवर त्यांनी घुमटाच्या मागच्या बाजूला
अंगठा दाबला. न विचारता.
आणि हात धुवायला बेसिनकडे गेले.

ते गेल्यावर मी मापलं :
दोन सेंटिमीटर. गुणिले पस्तीस, सत्तर.
रांगत्या मुलाएवढा अंगठा.
कुठल्याही पलटणीत असा माणूस नव्हता.
प्रमाणात बसत नाही.
ठेवलाय तसाच.

हाताखालच्या पोराचं नाव मी विचारलं नाही.
कवळी डाव्या बाजूला टोचत होती,
तेवढी घासून दिली.