बिडाला वारा लागू देऊ नये

फणसेकाका उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेऊन आले,
स्कूटीवर पायांशी ठेवून,
दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत
प्रत्येक गतिरोधकापाशी थांबत.

ड्रिलच्या टेबलाचा ब्रॅकेट. खांबाला मिठी मारून बसतो तो.
एक कान तुटून वेगळा,
आणि अंगात कुठंतरी तडा, न दिसणारा.
किल्लीनं वाजवून पाहिलं. मडकं वाजावं तसं वाजलं.

"माझ्याच हातून झालं," काका म्हणाले,
"नातवाच्या फिरकीला भोक पाडत होतो. टेबल सरकत होतं.
म्हटलं, बोल्टाला अजून अर्धा आटा."

अर्धा आटा.
माझ्याकडं येणारं निम्मं बीड त्या अर्ध्या आट्यानं मोडलेलं असतं.
उरलेलं टेंपोतून उतरवताना.

लोखंड सांगूनसवरून वाकतं.
बीड ऐकून घेतं, ऐकून घेतं,
आणि एके दिवशी टिचकीएवढा आवाज.
आत बघावं तर राखाडी, पेन्सिलीच्या शिशासारखं,
बोट फिरवलं की बोट काळं.

रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू घासला.
चहा येईपर्यंत खडूवर ओली रेघ उमटायला लागली.
कानाच्या मुळाशी निघाली, खाली वळली,
आता बाहीत शिरणार,
आणि थांबली.

हिरव्या रंगाचे तीन थर खरवडले.
तिथं एका सुताचं भोक होतं, लांबी भरून बुजवलेलं.
भोकाच्या पलीकडं पितळेची जुनी शिवण,
बारीक, घाई नसलेल्या हाताची.

"हे कुणी केलं?"
काकांना ठाऊक नव्हतं. वडिलांनी प्रतापनगरच्या भंगारातून आणलं
तेव्हाही हिरवंच होतं.

तड्याच्या टोकाला भोक पाडतात, हे शिकवतात सगळे.
टोक असतं तोवर तडा पुढं जातो,
गोल लागलं की त्याला दिशा सापडत नाही.
पण आपला तडा थांबवून, वर रंग देऊन
कुणीतरी निघून गेला,
आणि या वर्षी दुसऱ्या बाजूनं आलेला तडाही
त्याच भोकात पडला.
मी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

त्या दिवशी तेरा तारीख. उद्या उत्तरायण.
सगळं बडोदं गच्चीवर चढून वारा मागत होतं.
मी जिगाला म्हटलं, शटर ओढ. पंखा बंद.
खिडकीच्या फटीत गोणपाट कोंब.
त्याच्या वीस पतंगांची चळत खिळ्याला टांगलेली,
वरचा कागद जरा थरथरला की
आम्ही दोघं तिकडं बघायचो,
तो एका कारणानं, मी दुसऱ्या.

आधी अख्खा ब्रॅकेट तापवला, हळूहळू,
बाहीत नळी घालून, कान जागेवर बांधून,
अंधारात जेमतेम लाल दिसेपर्यंत.
टाकणखार फसफसला, काचेसारखा पसरला.
पितळेची कांडी टेकवली.
थोडा वेळ काहीच नाही.
मग पितळ आपणहून आत गेलं, बोलावल्यासारखं.

लगेच चुन्याच्या डब्यात. वर आणखी चुना, वर पत्रा, पत्र्यावर पोतं.
"ह्याला काय थंडी वाजते?" जिगा म्हणाला.
वाजते. एका बाजूनं वाजली तर सगळं पुन्हा.
तो पतंग उचलून पळाला. मी दार लावून घेतलं.

चौदाला सकाळी डबा अजून कोमट होता.
दुपारी काढला. किल्लीनं वाजवला,
सूर लांबला. आणि छपरावरून
कुणीतरी ओरडलं, काप्यो छे!

काका धावत आले. नातू शेजारच्याची फिरकी धरून उभा होता म्हणे,
"पण घरची ती घरची."
बोल्ट त्यांनीच आवळला, माझ्याकडं बघत,
आणि मी काही म्हणायच्या आत हात काढून घेतला.

त्याआधी मी भोकात पुन्हा लांबी भरली होती.
वर हिरवा रंग, एकच हात.
पुढच्याला फार खरवडावं लागू नये.