पत्ते पाडलेच न्हाईत

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
गाजूल टेक्स्टाईल्सच्या ऑफिसात
(ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक कूलर,
कूलरमध्ये पाणी नाही)
मी बारापासून एका डिस्कशी भांडतेय.

डिस्कवर निळ्या मार्करनं: नवी सिस्टीम. पक्की.
मालकांच्या पुतण्याचं अक्षर. पुतण्या पुण्याला.
‘पक्की’खाली त्यानं रेघही मारलीय.

ड्राइव्ह तोंड उघडतो, गिळतो, घरघरतो,
आतून एकदा टक्,
आणि काळ्या पडद्यावर
एक बारकी रेघ लुकलुकत राहते,
कुणी दाराशी यावं
आणि नाव सांगू नये, तशी.

आधी क्रम बघितला.
मशीन पहिल्यांदा हार्डडिस्कला विचारत होती,
आणि ती तर मेलेली.
डिस्कला वर चढवलं, सेव्ह केलं,
तेवढ्यात लाईट गेली.
आली तेव्हा मशीनला काही आठवेना.
तारीख: एक जानेवारी दोन हजार दोन.
बोर्डावरचा सेल संपलेला.
एक जानेवारी दोन हजार दोन.
मी चौथीत. आमच्या घरी तेव्हा
दोन माग होते.

मधल्या मारुतीजवळच्या घड्याळवाल्याकडून
नाण्याएवढा सेल आणला. पस्तीस रुपये.
बिलात लावायला विसरू नको, असं स्वतःला दोनदा बजावलं.

क्रम टिकला. डिस्क तरी चालेना.
टॉवेलच्या कोपऱ्यानं पुसली, मधून काठाकडे.
गोल पुसायची नसते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते,
रोज ते गोल पुसतात.
लेन्सवर फुंकर घातली. आत सुताची लव.
या गावात कुठल्याही यंत्राचं पोट उघडा, हीच निघते:
पंख्यात, प्रिंटरमध्ये,
एकदा तर एका कीबोर्डात
वीतभर लाल धागा, गाठीसकट.
केबल बदलली. माझा स्वतःचा ड्राइव्ह लावला, भरवशाचा.
घरघर. टक्. रेघ.

दारात मल्लेशम मामा बसलेले.
पत्ते पाडायचे ते, जेकार्डचे.
ग्राफवरचा एकेक चौकोन बघून
पुठ्ठ्यात भोक, इथे धागा उचल, इथे नको.
रेपियर आले, पुठ्ठे गेले.
मामा मात्र रोज साडेदहाला येतात,
चहा पितात, कुणी हाकलत नाही.

‘काय करायलीस बे सकाळधरनं?’
‘चालू होईना मामा.’
‘आत काय हाय, बघितलीस का?’

नव्हतं बघितलं.
तीन वर्षांचा धंदा, आणि नव्हतं बघितलं.

माझ्या लॅपटॉपात घातली. उघडली.
आत एकच फाईल. लांबलचक नावाची, तीन जीबीची,
रिकाम्या गोदामात एक गाठोडं.
पुतण्यानं सिस्टीम उतरवलीच नव्हती,
नुसती उचलून ठेवली होती.

मी मामांना सांगायला लागले, इमेज म्हणजे काय,
बर्न करणं म्हणजे काय... त्यांनी हात वर केला.

‘ग्राफच ठेवलाय की मागावर, गुंडाळून.
पत्ते पाडलेच न्हाईत.’

मी हसले. ते हसले नाहीत.
अठ्ठ्याऐंशी साली, म्हणाले,
एक पत्ता उलटा शिवला गेला माझ्या हातनं.
मोराला दोन माना.
चाळीस चादरी निघेपर्यंत कुणाच्या ध्यानात नाही.
‘मग?’
‘मग काय? शेठनं हैदराबादला विकली,
नवीन डिझाईन म्हणून.
परत आणखी मागितले की ते लोक.’

पिशवीतली कोरी डिस्क काढली.
सगळ्यात कमी गती निवडली.
अकरा टक्के. अठ्ठावीस.
मामा खुर्ची ओढून जवळ आले,
आकड्याकडे बघत राहिले, चहा निवत गेला.

बाहेर आली तेव्हा गरम होती.
मशीनमध्ये घालायला मी हात पुढे केला,
पण ती त्यांनी आधीच घेतली होती,
काठाला धरून, बोट न लावता,
आणि दाराच्या उजेडात तिरकी केली,
ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर.

‘भोकं कुठायत?’
‘बारीक असतात मामा. दिसत नाहीत.’

‘दिसत न्हाई कसं,’ म्हणाले,
‘हे बघ की.
इथपर्यंत पाडलाय.
इथनं पुढं कोरं.’