सतरा नंबरचा पाना

अकराला धुकं फाटलं तेव्हा हे म्हणाले,
आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेव,
थंड तेल जागचं हलत नाही.
जिवाजीगंजच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे,
मारुती सुरू होते तिसऱ्या खेपेला,
चोक पूर्ण ओढून
आणि थोडं गोड बोलून.

पुढची चाकं दोन फरशांवर चढवली,
मागच्यांना विटा.
यांची खुर्ची उन्हात, नळाच्या अलीकडे.
गुडघ्यांवर शाल, शालीखाली हात.
हात बाहेर आले की अंगठा आणि बोट
आपले आपण मोजत बसतात,
बँकेतली कॅशियरकी सुटून नऊ वर्षं झाली
तरी बंडल संपत नाही.

गाऊनवर यांचा जुना स्वेटर चढवून
मी गाडीखाली सरपटले.
चौसष्टाव्या वर्षी.

खालून गाडी निराळीच असते.
अठ्ठावीस वर्षं मी हिला फक्त डाव्या सीटवरून ओळखत होते,
पायाशी भाजीची पिशवी, मांडीवर कोणाचा तरी डबा.
इथे वाळून तडकलेला चिखल,
कुठलीशी चिंधी,
आणि दतियाच्या रस्त्यावर लागलेल्या दगडाची खोक,
जिच्यावरून आम्ही तीन दिवस बोललो नव्हतो.

"घड्याळाच्या दिशेने फिरव."
नाही फिरत.
"अगं, वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने."
मी वरून बघत नाहीये.
थोडा वेळ वरून काहीच आलं नाही.
मग, "बरं. तुझ्या बाजूने उलट."

पाना सतरा नंबरचा. पहिला थेंब मनगटावर, कोमट,
मग काळी दोरी सुटली
कान तुटलेल्या कढईत.
"काळं किती आहे?"
तुम्ही कलप लावायचात ना, तितकं.
"म्हणजे उशीर झाला," हे म्हणाले,
आणि मागच्या वेळी कोणी बदललं, कधी बदललं,
हे मी विचारलं नाही.

बोल्टमागची तांब्याची चकती दाबून दाबून पातळ झालेली,
जोडव्यासारखी.
नवी टाक म्हणाले. टाकली.
जुनी खिशात राहिली ती राहिलीच.

फिल्टर हाताने बसवायचा, पाना लावायचा नाही.
रबराला नव्या तेलाचं बोट.
किती घट्ट?
"टेकल्यावर पाऊण फेरा."
म्हणजे लोणच्याच्या बरणीइतकं?
"बरणी तू मला कधी बंद करू दिलीस?
मला काय माहीत."

समोरच्या बघेलांचा मुलगा फाटकाशी थांबला.
"काकी, मिस्त्री बुला लेते ना, दो सौ रुपये की बात है।"
हे म्हणाले, "मिस्त्री बुलाया तो है।"
आणि हनुवटीने माझे पाय दाखवले.

नवं तेल मधासारखं, नरसाळ्यातून हळूहळू.
डिपस्टिक पुसली, घातली, काढली,
यांच्या चष्म्यासमोर धरली.
हे बराच वेळ बघत राहिले,
मला दोन खुणांच्या मधलं दिसत होतं,
यांना काय दिसत होतं कोण जाणे.

तिसऱ्या खेपेला सुरू झाली.
खुर्चीवरून उठून, माझ्या खांद्याला धरून,
हे पुढे आले आणि बॉनेटवर पंजा टेकवला.
गाडी थरथरत होती, हात थरथरत होता,
कोण किती, ते वेगळं काढता येईना.
"एक सिलिंडर मागे पडतंय," हे म्हणाले.
"प्लग. पुढच्या रविवारी."

दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर मी आकडा लिहिला.
आता पुन्हा कधी?
"पाच हजार किलोमीटर."
दवाखाना, दाल बाजार, फार तर मुरारला नणंदेकडे,
मनात भागाकार केला. तीन वर्षं निघाली.
कॅलेंडर तितकं पुढे जात नव्हतं.
"किंवा सहा महिने," हे म्हणाले.
"उभ्या गाडीतही तेल म्हातारं होतं.
तसं लिही.
जे आधी येईल ते."