अठ्ठावीस दिवसांचा महिना

निपाणीत, जुन्या स्टँडाच्या अंगाला भरतेशचं दुकान.
काचेखाली फोन मांडलेत
सराफाकडं मांडतात तसे, निळ्या कापडावर.
"बसा मालनक्का. कुणासाठी बघायचा?"
मला, म्हटलं.
तो जरा थांबला, मग खालच्या कप्प्यातनं
बटणांचा काढू लागला.
तो न्हवं. वरचा. काचेचा.

कॅमेरा किती, बॅटरी किती, आत जागा किती,
तो सांगत गेला. मी तळहातावर घेऊन
वजन बघितलं. विड्यांच्या चार कट्ट्यांएवढं.
कमरेला राहील.

मग प्लॅन.
अठ्ठाविसाचा घ्या, चौऱ्याऐंशीचा घ्या, वर्षाचा घ्या.
मी पेरांवर मोजलं. अठ्ठाविसाचे वर्षात तेरा होतात.
म्हणजे कंपनीच्या पंचांगात
दरसाल अधिक महिना,
आणि वाण जावयाला न्हवं, कंपनीलाच द्यायचं.
"लेक्का पक्का आहे अक्का तुमचा," भरतेश हसला.

लेक्का कसला. अठ्ठावीस दिवसांचा महिना
बाईला शिकवावा लागत नाही.
चार वर्षांमागं थांबला,
तोवर अंगानंच भरत होते मी तो रिचार्ज.

"दिवसाला दोन जीबी. उरलं तर रात्री बाराला जातं."
कुठं जातं?
"जातं म्हणजे... जातं."
आमच्या छाटातल्या विड्याही अशाच जातात.
मुकादम सुपातनं वेचून काढतो, ही सैल, ही वाकडी,
बाजूला टाकतो. मोजत नाही, परतही देत नाही.
सत्तावीस वर्षं झाली विचारून.

"घर कुठं तुमचं? रेंज बघायला पाहिजे."
कोगनोळी. नाक्याच्या अलीकडं.
स्वयंपाकघरात कागलचा टॉवर लागतो,
सोप्यात निपाणीचा.
शेजारच्या हसीनाचा फोन घेऊन चुलीपुढं बसलं
की महाराष्ट्रात स्वागत.
भाकरी थापून बाहेर आलं की कर्नाटकात स्वागत.
दिवसातनं दहा वेळा.
लग्न होऊन आले तेव्हाही
उंबऱ्यावर एवढं कुणी केलं नव्हतं.

कार्ड चालू करायला त्यानं फोन लावून दिला.
कन्नडसाठी एक. हिंदीसाठी दोन. इंग्रजीसाठी तीन.
मी कान लावून थांबले.
पुढं नुसतं पिपाणीसारखं काहीतरी वाजत राहिलं.
मग भरतेशनंच एक दाबलं
आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मसाल
घडाघडा कन्नडात सांगून टाकलं.
ऐकायला बरं वाटलं.
दुसऱ्या भाषेत माझं आयुष्य फार लांब नव्हतं.

शेवटी बोट.
"इथं टेका, अक्का." टेकलं.
"परत." अंगठा. मग तर्जनी. मग डाव्या हाताची.
पदराला पुसून, फुंकर घालून.
काच म्हणाली, ओळख पटत नाही.

पानं कातरून, वळून, टोकं दाबून
रेघा कधीच गेल्यात.
रेशनच्या मशीनवरही हेच होतं.
तिथं मी मान खाली घालून उभी राहते,
रांग मागनं कुरकुरते.
इथं मात्र पैसे मोजलेत मी,
नोटांना अजून जर्द्याचा वास आहे.
मान वर ठेवून म्हटलं, दुसरं काय असतं?

"नंबर टाका. चार आकडी. विसरणार नाही असा."
त्याला तोंड फिरवायला लावलं.
रोज दिवेलागणीला जो आकडा पुरा झाल्याशिवाय
पाठ सरळ होत नाही,
तो टाकला.
उघडला.

प्लॅन अठ्ठाविसाचाच घातला.
हजार विड्या आणि वर दोनशे, एवढ्यात बसतो.
वर्षाचं एकदम कोण भरणार,
पगार शनिवारचा.
तेरावा महिना आला की बघू.